दिवाणखान्यातली पेटी आणि तिची किल्ली

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या धाकट्याने ईदीचे पैसे मोजले, त्यात शिकवण्या घेऊन जमवलेली स्वतःची रक्कम घातली आणि माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "अब्बा, टीव्हीला जोडून खेळायला कन्सोल घेऊ की पीसी जुळवून घेऊ?"

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि कविता लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे आंधळ्याला वाट विचारणे. मी दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले, कारण वाचता वाचता लक्षात आले, की हा प्रश्न माझ्या मुलाचा नाहीच. तो पन्नास वर्षांहून जुना आहे. आणि त्याचे एक उत्तर आमच्या वडिलांनीही एकदा देऊन ठेवले आहे. ते शेवटाकडे सांगतो.

ज्या खोलीत ही पेटी ठेवायची, त्या खोलीचे नाव दिवाणखाना. शब्द फारसीतून मराठीत आला. दिवाण म्हणजे कचेरी, दरबार. जिथे बसून कारभार होतो, ती जागा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात दिवाण उरला नाही, त्याच्या जागी टीव्ही बसला आहे. पण कारभार तिथेच चालतो. कोणी काय बघायचे, किती वाजेपर्यंत बघायचे, आवाज किती ठेवायचा, याचे निवाडे तिथेच होतात. या खोलीत खेळही जुनाच आहे. सोंगट्या होत्या, बुद्धिबळ होते, सावंतवाडीच्या गोल, रंगीत गंजिफा होत्या. गंजिफांचा संच घरात आला, की तो घरचा झाला. शेजाऱ्याला उसना द्यायला कोणाची परवानगी लागत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

टीव्हीवरच्या खेळांची दोन घराणी आहेत. पहिले प्रयोगशाळेत जन्मले. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ नावाचा संगणक होता. किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. पडद्यावर दोन याने, मधोमध ओढून घेणारा तारा, आणि यानांचा एकमेकांवर मारा. खेळ कोणी विकला नाही. ज्याच्यापाशी तसे यंत्र असेल, त्याने तो न्यावा, चालवावा, वाटले तर त्यात बदल करावा. यंत्र राजाच्या खजिन्यातले, पण झाकण सगळ्यांना उघडे. पीसीवर खेळणाऱ्यांचे मूळ हे.

दुसरे घराणे दिवाणखान्यासाठीच जन्मले. राल्फ बेअर हा जर्मनीतला ज्यू मुलगा. नाझींच्या काळात त्याला शाळेतून काढले, आणि १९३८ साली त्याचे कुटुंब जीव वाचवून अमेरिकेला गेले. पुढे तो लष्करी उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत अभियंता झाला. १९६६ च्या ऑगस्टच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बस स्थानकाबाहेर सहकाऱ्याची वाट बघत बसला असताना त्याच्या मनात आले, की घरोघरी टीव्ही आहेत, त्यांचा उपयोग नुसता बघण्यापुरताच का? दुसऱ्या दिवशी त्याने चार पानांचे टिपण लिहून काढले. किंमत वीस डॉलरच्या आत असावी, असे त्याच्या मनात होते. त्याने सहकाऱ्यांबरोबर बनवलेल्या नमुन्याला लाकडाच्या नक्षीचा कागद चिकटवला होता, म्हणून त्याला 'तपकिरी पेटी' असेच नाव पडले.

ती पेटी १९७२ साली मॅग्नावॉक्स या टीव्ही कंपनीने 'ओडिसी' या नावाने बाजारात आणली. किंमत वीसच्या जागी शंभर डॉलर झाली होती. तिला आवाज नव्हता, गुण मोजता येत नव्हते. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके आणि एक रेघ हलायची. मैदान दिसावे म्हणून रंगीत पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर लावायचा. पेटीबरोबर फासे, पत्ते आणि खोटे पैसेही मिळत. म्हणजे पहिला कन्सोल अर्धा सोंगट्यांचाच होता. तो मॅग्नावॉक्सच्याच दुकानांत मिळायचा, त्यामुळे बऱ्याच लोकांचा समज झाला, की तो फक्त त्याच कंपनीच्या टीव्हीवर चालतो. तसे नव्हते. पण बंद पेटीविषयीचा संशय पहिल्या दिवसापासून आहे, हे खरे.

१९७७ साली दोन्ही घराणी एकाच बाजारात समोरासमोर आली. अटारी कंपनीचा टीव्हीला जोडायचा व्हीसीएस सुमारे दोनशे डॉलरला होता. त्याच वर्षीच्या अॅपल-२ या घरगुती संगणकाला जवळपास तेराशे डॉलर पडत. अटारीच्या पेटीत स्मरणशक्ती किती? १२८ बाइट. या परिच्छेदातली पहिली दोन वाक्येसुद्धा तिच्यात मावणार नाहीत. पण कॅसेट खोचली, बटण दाबले, की खेळ सुरू. उलट अॅपल-२ चे झाकण हाताने उघडायचे. आत आणखी भाग बसवायला आठ खाचा होत्या. आजचा वाद याहून वेगळा नाही. एक स्वस्त आणि तयार, दुसरा महाग आणि मोकळा.

अटारीच्या पेटीला मात्र कुलूप नव्हते. १९७९ साली कंपनीतलेच काही प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी अॅक्टिव्हिजन काढून अटारीसाठी स्वतःच्या कॅसेटी विकायला सुरुवात केली. त्यांचे खेळ चांगले होते. पण ते बघून ज्याला त्याला कॅसेटी काढाव्याशा वाटल्या. बाजारात कचरा साचला. १९८२ च्या नाताळात अटारीने स्वतःच पाच आठवड्यांत उरकलेला 'ई.टी.' हा खेळ आणला आणि लोकांचा उरलासुरला विश्वास गेला. १९८३ साली अमेरिकेतला हा धंदा कोसळला. न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरण्यात आल्या. ती दंतकथा आहे असे अनेकांना वाटत असे. २०१४ साली जमीन खणली, तेव्हा कॅसेटी खरोखरच निघाल्या.

या पडझडीत घरगुती संगणक पुढे सरकला, आणि इथे आणखी एक निर्वासित भेटतो. जॅक ट्रॅमिएल पोलंडच्या लोड्झ शहरातला ज्यू. ऑशविट्झची छळछावणी पाहून वाचलेला. अमेरिकेत येऊन टाइपरायटर दुरुस्त करता करता त्याने कमोडोर कंपनी उभी केली. १९८२ चा 'कमोडोर ६४' सुरुवातीला ५९५ डॉलरला होता. ट्रॅमिएलने वर्षभरात किंमत दोनशेच्या आसपास आणली. जाहिरातींचा सूर एकच, की नुसता खेळ कशाला घेता, त्याच पैशांत संगणक घ्या, मुले शिकतील. कन्सोलचा जनक आणि घरगुती संगणकाचा सर्वांत कडवा व्यापारी, दोघेही हिटलरच्या तावडीतून सुटलेले. सगळे घरदार मागे टाकून आलेल्या या दोन माणसांनी जगभरच्या घरांत पेट्या पोचवल्या. मला त्या दोन महिन्यांच्या वाचनात याच गोष्टीने सर्वांत जास्त थांबवले.

'मुले शिकतील' हे वाक्य तेव्हा जगभर चालले. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीला आणि साध्या टेपरेकॉर्डरला जोडता यायचा. पालकांनी तो अभ्यासासाठी घेतला आणि मुलांनी त्यावर खेळ खेळले. मुलांतली काही खेळ लिहायलाही शिकली, हेही तितकेच खरे. आपल्याकडे डेसिबेल्स या कंपनीने १९८८ साली स्पेक्ट्रम भारतात आणला. शाळांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून १९८४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'क्लास' प्रकल्पात बीबीसी मायक्रो हे यंत्र होते.

अटारीच्या कोसळण्यातून धडा घेतला तो जपानच्या निन्टेन्डोने. त्यांची पेटी जपानात १५ जुलै १९८३ रोजी आली. नाव काय, तर 'फॅमिली कॉम्प्युटर'. तिचा कीबोर्डही वेगळा मिळे. पण १९८५ मध्ये अमेरिकेत नेताना नावातून संगणक गेला. कॅसेट वरून खोचण्याऐवजी व्हीसीआरसारखी पुढून सरकवायची सोय केली, आणि आत एक छोटी चिप बसवली. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये. दोघींची ओळख पटली तर खेळ चालू, नाही पटली तर यंत्र पुन्हापुन्हा नव्याने सुरू होत राहणार. हे कुलूप. किल्ली कंपनीकडे. बाहेरच्या प्रकाशकाला वर्षाला पाचच खेळ काढायची मुभा, आणि कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या.

आपण याला सरसकट जुलूम म्हणू नये. कुलपामुळे कचरा थांबला. दुकानात गेलेल्या आईबापाला खात्री मिळाली, की घेतलेला खेळ निदान चालेल. पण त्या दिवसापासून कन्सोल ही तुमच्या घरातली दुसऱ्याच्या मालकीची खोली झाली. भाडे खेळांच्या किमतीत वसूल होऊ लागले. पुढे अनेक कन्सोल तोट्यात विकले गेले, ते याच हिशेबाने. पेटी स्वस्त द्यायची आणि प्रत्येक खेळामागे वाटा घ्यायचा.

जपानातल्या मूळ फॅमिली कॉम्प्युटरमध्ये मात्र ती कुलपाची चिप नव्हती. त्यामुळे त्याच्या नकला करणे सोपे गेले आणि सगळ्या आशियात त्यांचा पूर आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्याला सगळे 'व्हिडिओ गेम' म्हणत, तो बहुतेक घरांत हाच नकली भाऊबंद. अँटेनाच्या जागी वायर लावायची, चॅनल जुळवत बसायचे, मारिओ, काँट्रा आणि बदके मारायची बंदूक. कॅसेटवर लाखभर खेळांचा आकडा छापलेला, आत तेच दहा-वीस खेळ नाव बदलून. आणि चालली नाही, तर काढून फुंकर मारायची. गल्लीतल्या पोरांत कॅसेटींची देवघेव चालायची. गंजिफांसारखीच. ती चोरी होती, हे त्या वयात कोणी सांगितले नाही.

या नकली यंत्रांत एक प्रकार कीबोर्डवाला होता. आता वडिलांचे उत्तर सांगतो. १९९५ च्या सुमारास माझा धाकटा भाऊ व्हिडिओ गेमसाठी हटून बसला. वडील म्हणाले, "खेळणं आणणार नाही. कॉम्प्युटर असेल तर बघू." दुकानदार हुशार. त्याने कीबोर्डवाली पेटी पुढे केली आणि सांगितले, "चाचा, हा कॉम्प्युटरच आहे." वडिलांनी खुशीने पैसे मोजले. संध्याकाळी टीव्हीवर मिशीवाला प्लंबर उड्या मारताना दिसला, तेव्हा घरात जे झाले ते इथे सांगण्यासारखे नाही.

पण त्याच पेटीत बेसिक ही संगणकाची भाषाही होती. भावाने इंग्रजी माहितीपत्रक बघून बघून चार ओळी टाइप केल्या आणि पडद्यावर त्याचे नाव वरून खाली धावू लागले. वडील चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. प्रोग्राम साठवायची सोय आमच्याकडे नव्हती. बटण बंद केले की सगळे गेले. म्हणून तो ओळी वहीत उतरवून ठेवायचा आणि रोज पुन्हा टाइप करायचा. तो काही संगणक अभियंता झाला नाही. शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान चालवतो. पण दुकानदाराचे खोटे अर्धे खरे निघाले, हे मी विसरलेलो नाही. पेटी कशीही असो, आत शिरायला एक फट असली तर मूल शिरते.

जगात पुढे दोन्ही घराणी एकमेकांच्या घरात घुसू लागली. १९९३ च्या डिसेंबरात पीसीवर 'डूम' आला. पहिला भाग फुकट वाटलेला, आणि खेळणाऱ्यांनी स्वतःचे नकाशे बनवून त्यात घालावेत अशी रचना. 'स्पेसवॉर'चाच वारसा. इकडे सोनीने २००० साली प्लेस्टेशन-२ मध्ये डीव्हीडी बघायची सोय दिली. घरात खेळणे नको म्हणणाऱ्यालाही सिनेमा हवा असतो. या यंत्राच्या पंधरा कोटींहून अधिक प्रती खपल्या. २००१ साली खुद्द मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स आणला. आत इंटेलचा प्रोसेसर आणि आठ जीबीची हार्ड डिस्क. म्हणजे पीसीच, कुलूप लावलेला. पुढचा एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ च्या सप्टेंबरात अधिकृतपणे आला. तोवर आपली पोरे सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन 'काउंटर-स्ट्राइक' खेळत होती. चीनमध्ये तर निवड सरकारनेच केली होती. तिथे २००० सालापासून कन्सोलच्या विक्रीवर बंदी होती, ती २०१५ पर्यंत पुरती उठली. दरम्यान एक पिढी पीसीवरच खेळून मोठी झाली.

२००६ चा प्लेस्टेशन-३ या दृष्टीने बघण्यासारखा आहे. सोनीने त्यावर लिनक्स बसवायची मुभा दिली होती. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन-३ जोडून महासंगणक बनवला. आणि १ एप्रिल २०१० रोजी एका अपडेटने सोनीने ती मुभा काढून घेतली. ज्यांनी अपडेट नाकारले, त्यांची ऑनलाइन खेळायची सोय गेली. पेटी लोकांच्या घरात होती, पैसे दिलेले होते, तरी तिचा एक दरवाजा दुसऱ्या कोणी बाहेरून बंद केला.

मग पीसी बरा, असे वाटेल. पण तिथेही कुलूप आलेच. व्हॉल्व कंपनीने २००३ साली स्टीम ही सेवा सुरू केली. २००४ साली त्यांचा 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा दुकानातून डिस्क विकत आणली तरी इंटरनेटवरून स्टीमच्या खात्याशी ती जोडावी लागे. लोक चिडले. आज तीच गोष्ट कोणाला खटकत नाही, कारण खेळ स्वस्तात मिळतात आणि डिस्क सांभाळावी लागत नाही. कुलूप यंत्रातून निघून खात्यात गेले, एवढेच.

यंत्रांतला फरक तर जवळजवळ मिटला. २०१३ चे प्लेस्टेशन-४ आणि एक्सबॉक्स वन, दोघांतही पीसीच्याच जातीचे एएमडीचे प्रोसेसर होते. व्हॉल्वने उलट दिशेने येऊन २०१५ मध्ये दिवाणखान्यासाठी 'स्टीम मशीन' काढले. ते चालले नाही, कारण त्यांच्या लिनक्सवर पुरेसे खेळ नव्हते. ती अडचण पुष्कळशी दूर झाल्यावर २०२२ साली हातात धरायचे स्टीम डेक आले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या स्टीम मशीनची घोषणा झाली. बेअरची तपकिरी पेटी आणि एमआयटीचा संगणक अखेर एकाच कपाटात येऊन बसले.

मग मुलाने निवडायचे कशावर? ताकद, वेग, चित्राची स्पष्टता यांवर तो तासभर बोलू शकतो. मी त्याला दुसरेच प्रश्न विचारले. खेळ तू कोणाला उसना देऊ शकशील का? नको झाला तर विकू शकशील का? कंपनीने दुकान बंद केले तर तो उरेल का? २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते, की एक्सबॉक्स वनला दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल आणि वापरलेल्या खेळांवर बंधने येतील. लोकांनी असा गोंधळ घातला, की त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली. बोलले तर फरक पडतो. कॅलिफोर्नियाने तर २०२४ साली कायदा केला, की विक्रेत्याने ग्राहकाला फक्त वापराचा परवाना दिला असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरू नये. एका शब्दासाठी कायदा झाला, याचे कवी म्हणून मला बरे वाटले.

पण डिस्क हातात असली म्हणजे सगळे मिळाले, असेही नाही. 'द क्रू' हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले, तेव्हा डिस्क असणाऱ्यांसाठीही संपला. तेव्हा खेळ घेताना तो एकट्याने, इंटरनेटशिवाय चालतो का, हेही बघावे.

माझा निष्कर्ष साधा आहे. ज्याला आत हात घालायचा आहे, भाग बदलायचे आहेत, खेळ लिहून बघायचा आहे आणि त्याच यंत्रावर अभ्यासही करायचा आहे, त्याने पीसी घ्यावा. तो बिघडेल, अपडेट मागेल, पाहुण्यांसमोर अडून बसेल. ते सहन करावे. ज्याला घरातल्या चारचौघांनी एका सतरंजीवर बसून खेळावे असे वाटते, त्याने कन्सोल घ्यावा, पण किल्ली कोणाकडे आहे हे माहीत असून घ्यावा.

आमच्या धाकट्याने सगळे ऐकून घेतले. लॅपटॉप त्याच्याकडे होताच. त्याने मित्राकडून डिस्क चालणारा वापरलेला कन्सोल घेतला, म्हणजे चुलत भावंडांत खेळ फिरवता येतील. टीव्हीच्या वेळेवरून त्याचा आणि त्याच्या अम्मीचा तह झाला आहे. त्यातली कलमे अजून रोज बदलतात.

बकरी ईदला माझा भाऊ आला. पोरांनी त्याला खेळायला बसवले आणि हातात डिस्क दिली. त्याने ती उलटीपालटी करून बघितली आणि आत सारण्याआधी, सवयीने, तिच्यावर एक फुंकर मारली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)